संदर्भासहित स्पष्टीकरण

ऑसिलोस्कोप हे समोरून बघायचं यंत्र आहे. समोर पडदा, पडद्यावर एक पिवळी आणि एक निळी लाट, बाजूला नॉबांची नि बटणांची भाऊगर्दी. मागे बघायला कोणी जात नाही. मागे पंखा असतो, पंख्याच्या जाळीवर धूळ असते, अर्धवट निघालेलं लेबल असतं, आणि स्कोप जरा बऱ्यापैकी किमतीचा असेल तर एक गोल, चकचकीत बीएनसी सॉकेट असतं. त्याच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘१० मेगाहर्ट्झ रेफ इन’. हे सॉकेट इतकं चकचकीत का, तर त्यात आजवर कोणी काही खुपसलेलंच नसतं.

ज्यांनी इंजिनिअरिंग किंवा फिजिक्समध्ये बीएस्सी केलं, त्यांना हे यंत्र सीआरओ या नावाने आठवेल. प्रॅक्टिकलला चौघांत एक सीआरओ असायचा. एक जण नॉब फिरवायचा, एक जण रीडिंग घ्यायचा आणि उरलेले दोघं मागे उभं राहून ‘आलं, आलं, आलं... गेलं’ एवढंच बोलायचे. लिसाजूच्या आकृत्यांचा प्रयोग हमखास असे. दोन ऑसिलेटर घ्यायचे, एक आडवा जोडायचा, एक उभा, आणि दोघांच्या वारंवारिता जुळल्या की पडद्यावर सुरेख लंबवर्तुळ स्थिर व्हायचं. स्थिर व्हायचं ते जर्नलमध्ये. पडद्यावर ते कलंडायचं, रेघ होऊन तिरकं पडायचं, पुन्हा फुगून दुसऱ्या कुशीवर वळायचं. सरांना विचारलं तर सर म्हणायचे, “ऑसिलेटर जुने आहेत.” पुढे नवे ऑसिलेटर आले, तरी लंबवर्तुळाची सवय गेली नाही. कारण प्रश्न वयाचा नव्हताच. दोन ऑसिलेटर म्हणजे दोन घड्याळं, आणि दोन घड्याळं आपापल्या मर्जीने चालताहेत तोवर त्यांचं जुळणं म्हणजे योगायोग, आणि तोही औटघटकेचा.

स्कोप मुळात दोनच गोष्टी मोजतो. उभ्या बाजूला व्होल्टेज आणि आडव्या बाजूला वेळ. व्होल्टेज बाहेरून येतं. वेळ मात्र स्कोप घरचीच वापरतो. त्याच्या पोटात क्वार्ट्झचा नखावर मावेल एवढा तुकडा थरथरत असतो, त्याच्यावर सगळी आडवी बाजू उभी असते. मनगटी घड्याळातलं क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतं. स्कोपमधलं त्याच्या कैक पट वेगाने, पण जात तीच. स्वस्तातल्या स्कोपच्या माहितीपत्रकात या घड्याळाची चूक ‘दहा लाखांत २५’ अशी काहीतरी लिहिलेली असते. ऐकायला अगदीच किरकोळ. पण भिंतीवरचं घड्याळ एवढंच चुकलं तर दिवसाला दोन सेकंद आणि महिन्याला मिनिटभर मागेपुढे होईल. आणि १० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक कोटी आवर्तनं. ती मोजायला बसलं तर अडीचशेचा घोळ.

आता खरी मजा. मागचं ते ‘रेफ इन’ म्हणजे बाहेरच्या घड्याळाची लाट आत घ्यायचं दार. काही यंत्रांना मागे ‘रेफ आउट’ही असतं, म्हणजे पोटातल्या घड्याळाची बाहेर काढलेली लाट. तिथून केबल काढून त्याच स्कोपच्या पुढच्या इनपुटला जोडा. उत्तर येणार १०.०००० मेगाहर्ट्झ. तसूभरही फरक नाही. घड्याळ कितीही चुकलेलं असो, उत्तर हेच. फुटपट्टी तिच्याच खुणांनी मोजली तर ती आयुष्यभर एक फूटच भरायची.

हे आमच्या भावोजींना खुपत होतं. भावोजी टेलिकॉममधून निवृत्त झाले आणि कोथरूडच्या फ्लॅटमधली मागची खोली त्यांनी ताब्यात घेतली. ते तिला लॅब म्हणतात. ताई तिला ‘ती खोली’ म्हणते. एके दिवशी त्या खोलीत एक जड, धातूची, बंद डबी आली. रुबिडियमचं आण्विक घड्याळ. मोबाइलच्या टॉवरांना वेळेची फार शिस्त पाळावी लागते, म्हणून काही टॉवरांखालच्या कपाटांत असली घड्याळं बसवलेली असत. यंत्रणा बदलली, टॉवर मोडीत निघाले, आणि ही घड्याळं जुन्या मालाच्या बाजारात आली. भावोजींनी किती मोजले ते ताईला अजून कळलेलं नाही, म्हणून आकडा इथे छापत नाही.

ताईने पहिला प्रश्न विचारला, “यात किती वाजले ते कुठे दिसतं?”

“दिसत नाही.”

“मग घड्याळ कसलं?”

“अगं, याला किती वाजले ते माहीतच नसतं. हे फक्त सेकंदाला एक कोटी टोले देतं. मोजायचे आपण.”

ताईने त्या डबीला हात लावला आणि चटकन काढून घेतला. रुबिडियम चालू असलं की चांगलंच तापतं. आत काचेच्या कुपीत रुबिडियमची वाफ असते आणि तिच्या अणूंना ६,८३४.६८ मेगाहर्ट्झच्या आसपासची एकच वारंवारिता मानवते. गंमत अशी, की आत थरथरणारी वस्तू शेवटी क्वार्ट्झच असते. ते जरा भरकटलं की अणू त्याचा कान पिळतात, एवढंच. पण या कानपिळीचा परिणाम मोठा आहे. चांगल्या स्थितीतलं रुबिडियम दहा हजार कोटींत एखाद्या भागाने चुकतं. या दराने एक सेकंद चुकायला तीन हजार वर्षं लागतील.

“तीन हजार वर्षांत एक सेकंद,” ताई म्हणाली, “आणि आपल्या साखरपुड्याला तुम्ही दीड तास उशिरा आला होतात.”

भावोजींनी मला प्रात्यक्षिक दाखवलं. स्कोपच्या पहिल्या चॅनेलला रुबिडियम, पिवळी लाट. दुसऱ्या चॅनेलला त्यांचा सिग्नल जनरेटर, तोही १० मेगाहर्ट्झवर, निळी लाट. ट्रिगर पिवळीवर. ट्रिगर म्हणजे, ‘ही लाट या उंचीवर आली की चित्र काढ’ असा स्कोपला दिलेला हुकूम. त्यामुळे पिवळी लाट ठाम उभी. निळी मात्र उजवीकडून डावीकडे निवांत सरकत होती. एक लाट पिवळीखालून पूर्ण सरकून जायला साधारण सेकंद लागत होता. म्हणजे सेकंदाला एका लाटेचा फरक, एका कोटीत एक. भावोजींनी जनरेटरचं झाकण काढलं, आतल्या क्वार्ट्झच्या डबीवर तोंडाने हलकी फुंकर मारली. निळी लाट दचकली, तिचा वेग बदलला, थोडी रेंगाळली आणि पुन्हा चालू लागली. नुसत्या श्वासाच्या उबेने घड्याळ चाल बदलतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पुस्तकात वाचून ते पटत नाही.

एप्रिल महिना होता आणि पंखा बंद होता. ताई चहा घेऊन आली.

“पंखा का बंद केलाय?”

“लाट पळते.”

ताईने चहा ठेवला, पंखा पाचावर लावला आणि निघून गेली. लाट पळाली.

मग भावोजींनी रुबिडियमची दुसरी केबल जनरेटरच्या मागच्या सॉकेटात खुपसली. निळी लाट एकदा पुढे गेली, एकदा मागे आली, आणि थांबली. पंखा पाचावर असूनही थांबली. फुंकर मारली, ढिम्म हलली नाही. कॉलेजातलं ते लंबवर्तुळ ज्या गोष्टीसाठी तडफडत होतं, ती ही. आमच्या सरांकडे तेव्हा एक केबल आणि एक सॉकेट असतं, तर लिसाजूच्या जर्नलमध्ये कित्येक पिढ्यांना खोटं लिहावं लागलं नसतं.

इथे थांबले असते तर बरं होतं. पण भावोजींनी तिसरी केबल काढून ती स्कोपच्या मागेही जोडली. आधी स्कोप रुबिडियमची वारंवारिता १०.०००२ दाखवत होता. मेनूत बदल केला, मिनिटभर वाट पाहिली, आणि आकडा आला १०.००००. “बघ,” भावोजी म्हणाले. एवढा खर्च, एवढ्या केबली, खोलीभर उकाडा, आणि पडद्यावर बदललं काय, तर शेवटच्या दोनाचं शून्य झालं. पण भावोजींच्या चेहऱ्यावर ते शून्य उजळलेलं दिसत होतं.

तेवढ्यात माझी भाची आली. ती इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे ज्या वयात सगळं येतं त्या वयात आहे.

“बाबा, आत्ता स्कोप कोणाच्या घड्याळावर चाललाय?”

“रुबिडियमच्या.”

“आणि मोजतोय काय?”

“रुबिडियम.”

“मग दहाच येणार ना! आधी दोन येत होते तेव्हा स्कोप निदान स्वतःचं मत तरी सांगत होता. आता नुसती हांजी हांजी करतोय.”

भावोजी गप्प झाले. मुद्दा बिनतोड होता. रुबिडियम बरोबर आहे हे कशावरून, याचं उत्तर रुबिडियमला जोडलेला स्कोप देऊच शकत नाही. त्यासाठी तिसरा साक्षीदार लागतो, आणि तो डोक्यावर २०,२०० किलोमीटर उंच फिरत असतो.

जीपीएसच्या प्रत्येक उपग्रहात आण्विक घड्याळं असतात. तुमच्या रिक्षावाल्याला रस्ता दिसतो तो त्यांच्या टोल्यांवर. आइन्स्टाइनच्या सिद्धान्तानुसार त्या उंचीवरची घड्याळं आपल्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, म्हणून ती पृथ्वीवरून निघतानाच मुद्दाम मंद लावलेली असतात: १०.२३ मेगाहर्ट्झऐवजी १०.२२९९९९९९५४३. वर गेली की ती आपसूक बरोबर होतात. आपल्याकडे नोकरीसाठी पुण्याहून मुंबईला गेलेली मंडळीही वेगाने चालू लागतात, पण त्यांना आधी मंद करून पाठवायचं कोणाला सुचलं नाही.

हे टोले पकडायला गच्चीवर एक मुठीएवढा पांढरा अँटेना लागतो. अँटेना लावायला सोसायटीची परवानगी लागते. त्या मीटिंगला मी हजर होतो. पहिला प्रश्न आला, “टॉवर लावताय का?” दुसरा, “भाडं किती मिळणार आणि सोसायटीला किती?” तिसरा अर्थातच रेडिएशनचा. भावोजींनी शांतपणे सांगितलं, की हा अँटेना काही सोडत नाही, फक्त ऐकतो. त्यावर मागच्या रांगेतून एक आजोबा उठले आणि म्हणाले, “ऐकतो म्हणजे काय काय ऐकतो?” शेवटी गणपतीच्या मांडवाच्या दिवसांत अँटेना काढून ठेवण्याच्या अटीवर ठराव मंजूर झाला. वर्षातले ते दिवस भावोजींचं रुबिडियम देवावर भरोसा ठेवून चालतं.

आण्विक घड्याळ म्हटलं की ते अजरामर असतं, असाही कोणी समज करून घेऊ नये. आपल्या इस्रोने २०१३ साली आयआरएनएसएस-१ए हा दिशादर्शक उपग्रह सोडला. त्यात एक नाही, दोन नाही, तीन रुबिडियम घड्याळं होती आणि तिन्ही परदेशी बनावटीची. तिन्ही बंद पडली. उपग्रह धडधाकट, सौरपंखे ठीक, रेडिओ ठीक. फक्त वेळ गेली, आणि वेळ गेल्यावर दिशादर्शक उपग्रहाकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. २०२३ साली गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये मात्र भारतात तयार झालेलं रुबिडियम घड्याळ आहे. ही बातमी आली त्या दिवशी ‘त्या खोली’त पेढे वाटले गेले.

भाचीचं समाधान अजून झालेलं नव्हतं. “पण जीपीएस बरोबर आहे हे कोण तपासतं?” ही प्रश्नावली मी पुढे बराच काळ एकट्याने चालवली आणि शेवटी पॅरिसजवळच्या सेव्ह्र गावात पोचलो. तिथे वजनमापांचं आंतरराष्ट्रीय कार्यालय आहे. जग ज्याला यूटीसी म्हणतं ती वेळ दाखवणारं मूळ घड्याळ या कार्यालयात भिंतीवर असेल, अशी माझी भाबडी कल्पना होती. असं घड्याळ जगात कुठेही नाही. देशोदेशीच्या प्रयोगशाळांतली चारशेहून अधिक आण्विक घड्याळं आपापले आकडे तिथे कळवतात. भारतीय प्रमाणवेळ सांभाळणारी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळाही त्यांत आहे. हे कार्यालय त्यांची सरासरी काढतं, ज्याचं घड्याळ जास्त नेमाने चालतं त्याच्या मताला जास्त वजन देतं, आणि कोणाचं घड्याळ किती नॅनोसेकंदांनी चुकलं याचं परिपत्रक महिन्यातून एकदा काढतं. परिपत्रक गेल्या महिन्याचं असतं. म्हणजे आत्ता नेमके किती वाजले, हे आपल्याला पुढच्या महिन्यात कळतं. सरकारी कचेरीत कधी हेलपाटे घातलेल्या माणसाला हे ऐकून घरी आल्यासारखं वाटेल.

तेव्हा भावोजींच्या स्कोपपासून निघालेली ती साखळी रुबिडियम, उपग्रह असं करत शेवटी एका कमिटीच्या खुंटीला बांधलेली आहे. खरी वेळ नावाची वस्तू कोणाच्याच कपाटात नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलेली वेळ आहे. आणि ‘सगळ्यांनी मिळून’ म्हटलं की मराठी माणूस काय करतो, याचा लेखी पुरावा उपलब्ध आहे.

१ जानेवारी १९०६ पासून सरकारने साऱ्या देशाला एक प्रमाणवेळ लागू केली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती. रेल्वे त्याआधी मद्रासच्या वेळेवर धावायची, त्यामुळे स्टेशनवर एक वेळ असे आणि स्टेशनबाहेर दुसरी. नवी वेळ आली आणि मुंबई बिथरली. गिरणी कामगारांनी विरोध केला, सभा झाल्या, आणि मुंबई महापालिकेने आपल्या घड्याळांत मुंबईचीच वेळ ठेवली. ती थेट १९५५ पर्यंत. इंग्रज गेले, राज्यघटना आली, तरी हे ‘एक्स्टर्नल रेफरन्स’चं सॉकेट मुंबईने जवळजवळ ५० वर्षं रिकामं ठेवलं. मला यात मुंबईकरांचा हट्ट दिसतो तसा त्यांचा मुद्दाही दिसतो. ३९ मिनिटं पुढे गेलेल्या घड्याळाने कामगाराला अंधारात उठवायचं, ते कोणाच्या सोयीसाठी? बाहेरचं घड्याळ मान्य करणं म्हणजे थोडी सत्ता सोडणं. स्कोपला ते मेनूतल्या एका बटणाने जमतं, शहराला दोन पिढ्या लागतात.

मात्र जिथे खरोखर एकत्र काम करायचं असतं तिथे स्वतंत्र बाणा कामाचा नाही. नारायणगाव म्हटलं की लोकांना तमाशा आठवतो नाहीतर टोमॅटो. तिथून जवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची, अशा ३०, आणि त्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत शेतांतून विखुरलेल्या. या तिसांनी मिळून एक दुर्बीण व्हायचं असतं. आकाशातल्या हायड्रोजनची लाट २१ सेंटिमीटर लांब. तीस ठिकाणी पकडलेल्या लाटा बोटभरही न चुकता एकमेकींवर बसवायच्या, तर प्रत्येक तबकडीने आपापलं घड्याळ वापरून कसं चालेल? म्हणून मधल्या इमारतीतून एकच संदर्भलहरी ऑप्टिकल फायबरने प्रत्येक तबकडीपर्यंत जाते. तिथे प्रत्येक तबकडी भावोजींच्या जनरेटरसारखी कान देऊन उभी असते. पावसाळ्यात, थंडीत, शेजारी ऊसतोडणी चालू असताना.

हौसेत मात्र भावोजी एकटे नाहीत. अमेरिकेत २००५ साली एका हौशी गृहस्थाने तीन सिझियम घड्याळं आणि आपली तीन मुलं गाडीत घातली आणि माउंट रेनियर डोंगरावर सुट्टी काढली. उंचीवर वेळ जरा वेगाने जाते, हे त्याला घरी ठेवलेल्या घड्याळांशी ताडून पाहायचं होतं. ताडलं, आणि खरं निघालं: साधारण २२ नॅनोसेकंद. कुटुंबाला डोंगरावर तेवढी जास्तीची सुट्टी मिळाली. हा किस्सा भावोजींनी ताईला महाबळेश्वरच्या संदर्भात सांगितला. ताई यायला तयार आहे, घड्याळ घरी राहणार असेल तर.

आता कोणी विचारेल, की आमच्या स्कोपला आम्ही हे जोडावं का? माझं प्रामाणिक मत, बहुतेकांनी जोडू नये. सर्वसाधारण डिजिटल स्कोप व्होल्टेज मोजताना उभी बाजू २५६ पायऱ्यांत विभागतो आणि शेकड्यात दोन-तीन चुकतो. त्या यंत्राची आडवी बाजू अणूंच्या शिस्तीला नेऊन ठेवली तरी उभी बाजू आहे तिथेच राहते. तुम्ही चार्जर दुरुस्त करत असाल, अॅम्प्लिफायरची गुणगुण शोधत असाल, तर तेच पैसे चांगल्या प्रोबवर घाला. आणि आधी हातात आहे त्या प्रोबचा बारीक स्क्रू फिरवून चौकोनी लाटेचे कोपरे सरळ करा, ते फुकट आहे. शिवाय संदर्भलहरीच गढूळ असेल, तर स्कोपच्या पोटातलं साधं क्वार्ट्झ तिच्यापेक्षा परवडलं. पण बाकावर दोन-तीन यंत्रं असतील आणि त्यांना एकमेकांशी काटेकोर बोलायचं असेल, जनरेटर, काउंटर आणि स्कोप एकाच मोजणीत गुंतले असतील, तर एक संदर्भ सगळ्यांना वाटून द्यावाच. तो शंभर टक्के बरोबर नसला तरी चालतो, सगळ्यांचा एकच असला म्हणजे झालं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. एकाच केबलला टी लावून लावून पाच यंत्रं लटकवू नका, वाटपासाठी वेगळा अॅम्प्लिफायर घ्या आणि प्रत्येक टोकाला ५० ओहम आहे ना ते पाहा. आणि केबल खुपसून झाल्यावर मेनूत जाऊन ‘इंटरनल’चं ‘एक्स्टर्नल’ करा. नुसती केबल जोडली म्हणून बरेचसे स्कोप आपलं घड्याळ सोडत नाहीत.